वाचनाचे बक्षीस आणि बक्षिसाचा कोड



मजुरी, बोनस, प्रॉव्हिडंट फंड यांवर बोलण्यासाठी मला व्याख्यानमालांची बोलावणी येतात. यंदा विषय मी स्वतः मागून घेतला. ‘मुलांच्या वाचनाच्या ॲपमधले बक्षिसाचे कोड’ हे शब्द पत्रिकेवर वाचून छापखान्याने दोन व्याख्यानांचे विषय एकमेकांत मिसळले की काय, अशी शंका काही जणांना आली असेल. तसे काही झालेले नाही. मी शिक्षणशास्त्रज्ञ नव्हे. माझे आयुष्य उक्त्या कामाचे दर ठरवण्यात गेले आहे, आणि हा विषय मला त्याच वाटेवर भेटला.

सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायांची वस्ती मोठी आहे. पुष्कळ घरांत बोली तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि अलीकडे मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची. अशाच एका घरी मी सभेच्या कामासाठी बसलो होतो. घरातल्या आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. त्यांची नात दुसरीत. आजींनी तंबाखूचा हात पदराला पुसून एक छापील कार्ड माझ्यापुढे धरले. “अण्णा, ह्यातला कोड तेवढा टाकून द्या की. पोरगी सकाळपासून मागं लागली आहे.”

कार्ड शाळेतून आलेले होते. वर अस्वलाचे चित्र, खाली सहा अक्षरांचा आणि आकड्यांचा एक संकेत. तो फोनमधल्या वाचनाच्या ॲपमध्ये टाकला की बक्षीस मिळणार. मी टाकला, चुकला. पुन्हा टाकला, लागला. पडद्यावर फटाके उडाले आणि अस्वलाच्या डोक्यावर निळी टोपी आली. मुलीने उडी मारली. तिच्या अस्वलाची ती एकोणचाळिसावी टोपी.

एकोणचाळीस टोप्या मिळवलेल्या मुलीला वाचता किती येते, हे पाहण्याची मला इच्छा झाली. वर्तमानपत्राच्या कडेला मी इंग्रजीत ‘सॅट’ आणि ‘पिन’ लिहिले. तिने झटकन वाचले. मग ‘नॅप’ लिहिले, ‘टिप’ लिहिले. अक्षरे तीच, रचना निराळी. मुलीने शब्दावरून नजर काढली आणि ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. माझ्या ओठांवरून काही कळते का, ते ती पाहत होती.

मग टोप्या आल्या कशा? तिने मोकळेपणाने सांगितले. ॲप एक आवाज ऐकवते आणि तीन शब्द दाखवते. बरोबर शब्दावर बोट ठेवायचे. चुकले तर चुकले, दोनदा चुकले की बरोबर उत्तर आपोआप लुकलुकू लागते. त्यावर बोट ठेवले की पाठ पुरा, आणि पाठ पुरे झाले की बाई कार्ड देतात. शिवाय शेजारच्या मैत्रिणीला मिळालेला एक कोड हिच्याही फोनवर चालला होता. मी या पोरीला मुळीच दोष देत नाही. दर कशावर लागला आहे हे तिने चार दिवसांत ओळखले आणि त्याप्रमाणे हात चालवला. आमचा कोणताही जाणता कामगार हेच करतो.

आता हे ॲप शिकवते ते काय, ते आधी पाहू. त्याला ‘फोनिक्स’ म्हणतात. नाव परके असले तरी आतली गोष्ट आपल्या ओळखीची आहे. इंग्रजीत अक्षरे २६ आणि बोलीतले आवाज सुमारे ४४. त्यात अक्षराचे नाव एक आणि आवाज दुसरा. ‘सी-ए-टी’ ही तीन नावे कितीही वेगाने म्हटली तरी त्यांतून मांजर बाहेर पडत नाही. क्, ॲ, ट् हे तीन आवाज एकमेकांना भिडवले की ‘कॅट’ होते. म्हणून फोनिक्समध्ये नावे बाजूला ठेवून आवाज आधी शिकवतात. आरंभी सहाच अक्षरे घेतात : एस, ए, टी, पी, आय, एन. त्यांचे आवाज स्, ॲ, ट्, प्, इ, न्. एवढ्या भांडवलावर सॅट, पिन, टॅप, नॅप, सिप, टिन असे कितीतरी शब्द मूल स्वतः जुळवू शकते. जुळवणे हाच या विद्येचा प्राण आहे. पाहिलेला शब्द ओळखणे ही निराळी गोष्ट. न पाहिलेला शब्द जुळवता आला तर वाचन आले.

आपण बाराखडी घोकली तेव्हा हेच केले होते. क् ला आ भेटला की का, इ भेटली की कि. तेलुगूत यालाच गुणिंतालु म्हणतात, आणि त्या आजींना ती अजून येतात. फरक एवढाच की आपली लिपी पुष्कळशी सरळ आहे आणि इंग्रजीची वाकडी. पुष्कळशी म्हणतो, कारण ‘चमचा’मधला च आणि ‘चहा’मधला च एक नव्हेत, हे आपण मुलाला कधी सांगत नाही आणि तरी ते शिकते.

येथे आईबापांची एक चूक नेहमी होते. आपल्या व्यंजनात ‘अ’ मिसळलेला असतो. त्यामुळे आपण मुलाला ‘बऽ, ॲ, टऽ’ असे शिकवतो आणि मूल प्रामाणिकपणे ‘बऽॲटऽ’ म्हणते. ‘बॅट’ काही होत नाही. इंग्लंडातल्या शिक्षकांनाही हा शेपटीचा ‘अ’ टाळा म्हणून सांगावे लागते. आपल्याजवळ तर त्यासाठी हलन्ताचे चिन्ह तयार आहे. पाय मोडलेले अक्षर शिकवा, म्हणजे झाले.

इंग्लंडात जिम रोझ यांच्या २००६ च्या अहवालानंतर प्राथमिक शाळांत ही पद्धत नेटाने आली. २०१२ पासून तेथे पहिल्या वर्षाच्या, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी परीक्षा घेऊ लागले. शब्द ४०. त्यांतले २० खरे आणि २० निरर्थक. आपल्याकडे ‘गटीप’, ‘मोबूस’ असे काही लिहून द्यावे तसे. हे कोणाला थट्टेचे वाटेल. पण निरर्थक शब्द पाठ करून ठेवता येत नाही, तो वाचावाच लागतो. वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलेल्या माझ्या ‘नॅप’ने त्या मुलीचे जे उघडे पाडले, तेच काम ते २० शब्द करतात.

आता कोड. कोड म्हणजे थोडक्यात एक हुंडी. ॲप चालवणारी कंपनी आपल्या संगणकात संकेतांची यादी करते. प्रत्येकापुढे लिहिलेले असते की याचे मोल काय, एक टोपी की दहा नाणी की एखादा नवा खेळ. तो संकेत कार्डावर छापून, पुस्तकाच्या पुठ्ठ्याआड चिकटवून किंवा पालकांच्या पत्रातून वाटला जातो. आपण टाकला की संगणक तीन गोष्टी पाहतो : असा संकेत यादीत आहे काय, तो आधी वटवला गेला आहे काय, आणि त्याची मुदत संपली आहे काय. तिन्ही जमले तर बक्षीस. संकेत दोन जातींचे असतात. एक सर्वांना सारखा, सणासुदीला जाहीर केलेला. तो कितीही मुले वापरू शकतात. दुसरा एकाच्याच नावचा, एकदा वटवला की मेला. मैत्रिणीचा कोड त्या मुलीला चालला, तो पहिल्या जातीचा होता.

सहाच अक्षरांत हे कसे भागते, असे कोणी विचारील. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून ३६ चिन्हे होतात. त्यांतली शून्य आणि ओ, एक आणि आय ही एकमेकांसारखी दिसणारी चार चिन्हे जाणती कंपनी वगळते; उरतात ३२. बत्तीस चिन्हांच्या सहा जागा म्हणजे १०७ कोटींहून अधिक संकेत. त्यांपैकी एक लाखच वाटले, तर कोणी आंधळेपणाने टाकलेला संकेत लागण्याचा संभव दहा हजारांत एकापेक्षाही कमी. ज्या कंपनीने शून्य आणि ओ दोन्ही ठेवले आहेत, तिच्या कार्डापुढे माझ्यासारखा चष्मेवाला दोनदा चुकतो. कोड चालत नाही म्हणून घरात रडारड होते, तेव्हा कारण बहुधा याच पाच-सहांतले असते : शून्याचा ओ झालेला, मध्ये मोकळी जागा पडलेली, मुदत टळलेली, फोनला नेट नसलेले, किंवा एकाच फोनवर दोन भावंडांची खाती असून कोड भलत्याच्या खात्यात गेलेला. हा शेवटचा प्रकार घरात खरा तंटा लावतो, कारण एकदा वटवलेला कोड परत मिळत नाही. तेव्हा टाकण्यापूर्वी कोणाचे नाव उघडे आहे ते पाहावे.

आणखी एक गंमत सांगतो. फोनिक्स मुलाला लहान लिपीतली अक्षरे शिकवते आणि त्यांची नावे टाळून आवाज शिकवते. आणि बक्षिसाचा कोड येतो कॅपिटल अक्षरांत, जो ‘के, सेव्हन, टी’ असा नावांनीच वाचावा लागतो. म्हणजे वाचनाची मजुरी ज्या खिडकीवर मिळते, तेथे त्या वाचनाचा काही उपयोग नाही! म्हणूनच मूल कार्ड घेऊन मोठ्या माणसाकडे धावते. हा दोष आहे खरा, पण आपल्या कामाचा आहे. मोठ्या माणसाकडे यावे लागते ही गोष्ट हातची घालवू नये. तिच्याकडे मी पुन्हा येईन.

त्याआधी थोडे विडीबद्दल. विडीची मजुरी हजारावर असते. पण वळलेल्या सगळ्या हजारांची मजुरी बाईच्या हाती पडते असे नाही. माल घेताना चेकर बसतो, विड्या हातांत घेऊन पाहतो, आणि त्याला न पटलेल्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणे दरावरून होत नाहीत, छाटीवरून होतात. १९६६ च्या विडी-सिगार कामगारांच्या कायद्यातसुद्धा नापास केलेल्या विड्यांच्या तंट्यासाठी मुद्दाम तरतूद करावी लागली होती. यातून मी एक गोष्ट शिकलो. उक्त्या कामात दरापेक्षा मोजणारा महत्त्वाचा. तो काय पाहतो, त्याला काय दिसत नाही, यावर कामाचा सारा घाट ठरतो.

ॲप हा असाच एक चेकर आहे. बहुतेक ॲपांना दिसते काय? बोट कोठे पडले, किती वेळ लागला, पाठ संपला की नाही, आज ओळीने कितवा दिवस. मुलाच्या तोंडात आवाज जुळले की नाही, हे त्यांना दिसत नाही. काही ॲपे मुलाचे वाचन ऐकतात. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाचे ॲप प्रथम आपल्या देशात आणले. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते, चुकलेला शब्द दाखवते आणि तारे देते. ते २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ या नावाने इतर देशांत गेले, तेव्हा त्याच्या नऊ भाषांत मराठीही होती. बोटे मोजणाऱ्या चेकरापेक्षा कान असलेला चेकर बरा, यात शंका नाही. तरी लहान मुलांचे बोबडे उच्चार यंत्राला मोठ्यांच्या उच्चारांइतके नीट कळत नाहीत. आणि गोष्ट पाठ असली तर पाठ म्हटलेली आणि वाचलेली यांतला फरक त्यालाही सांगता येणार नाही.

हे दुखणे नवे आहे असेही नाही. विलायतेत रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये शाळांच्या अनुदानाची जी नियमावली आणली, तिचे नावच ‘रिव्हाइज्ड कोड’. तिच्यात शाळेला सरासरी हजेरीमागे चार शिलिंग, आणि प्रत्येक मुलामागे आणखी आठ शिलिंग मिळत. वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई त्यापोटी दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. आमच्या छाटीचाच हा थोरला भाऊ! झाले काय, तर शाळांनी मुलांकडून वाचनपुस्तकच तोंडपाठ करून घेतले. निरीक्षक यायचा, मूल पुस्तक धरून घडाघडा म्हणायचे, आणि अनुदान वाचायचे. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा-निरीक्षक होते. त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. ती मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडावे लागले.

तर मग बक्षिसे नकोतच काय? असे म्हणणारे विद्वान आहेत, आणि त्यांच्या हाती एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालशाळेत तो केला. चित्रे काढण्याची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले घेतली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढाल तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र नंतर अवचित दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते हे गुपचूप पाहिले. बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावलेली मुले आता इतरांच्या निम्म्याच वेळ रंगपेटीपाशी रमत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

प्रयोग नामी आहे, पण त्याचा अर्थ जपून घ्यावा. ती मुले मुळात चित्रांची शौकीन होती. स्, ॲ, ट् जुळवण्याची जन्मजात हौस असलेले मूल मी अजून पाहिलेले नाही. हे काम पहिले काही महिने रुक्षच आहे, आणि रुक्ष कामाला थोडा गूळ लावला तर आवड मारली जाईल हे भय खोटे. जी अजून जन्मलीच नाही ती मरेल कशी? आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात त्यांनी बहुजनांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे मागितली होती. हेतू हा की लोकांनी मुलांना शाळेत पाठवावे आणि त्यांना विद्येची गोडी लागावी. माझ्या मते या प्रश्नावर इतके नेमके कोणी सांगितलेले नाही. बक्षीस गोडी लागेपर्यंत. आणि जोतीरावांचे बक्षीस सहा महिन्यांनी यायचे, दर सहा मिनिटांनी नव्हे.

बक्षीस कशावर द्यावे याबद्दलही एक मोठा प्रयोग झालेला आहे. अर्थशास्त्रज्ञ रोलँड फ्रायर यांनी अमेरिकेतल्या काही शहरांत मुलांना रोख पैसे देऊन पाहिले. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये छापले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे दिले. त्याने काही साधले नाही. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, पुस्तकावर छोटी चाचणी घेऊन; तेथे वाचलेले समजण्यात काहीशी भर दिसली. गुण कसे वाढवावे हे मुलाला ठाऊक नसते, पुस्तक कसे वाचावे हे ठाऊक असते. मारिनॅक आणि गॅम्ब्रेल या दोन बाईंनी २००८ मध्ये तिसरीतल्या मुलांवर आणखी एक गोष्ट पाहिली. वाचनाबद्दल खेळणीवजा वस्तू मिळालेल्या मुलांची पुढे वाचण्याची ओढ कमी दिसली. ज्यांना बक्षीस म्हणून पुस्तकच मिळाले त्यांची तशी कमी झाली नाही. अस्वलाची टोपी कोणत्या बाजूला पडते ते तुम्हीच पाहा. कोडाने टोपीही उघडत असेल आणि नवी गोष्टही उघडत असेल, तर आपण गोष्ट निवडावी.

आता त्या आजींकडे परत जाऊ. मी त्यांना म्हटले, “कार्ड तुमच्या डब्यात ठेवा. पोरीनं तुम्हाला वाचून दाखवलं की मगच कोड.” आजी म्हणाल्या, “अण्णा, मला कुठं इंग्रजी येतंय? ती काय बी सांगंल.” अडचण खरी होती. आपल्या कित्येक घरांत हीच आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याने वाचन कसे तपासावे?

उपाय आम्हाला पुठ्ठ्यात सापडला. एका खोक्याचे सहा तुकडे कापले आणि त्यांवर ती सहा अक्षरे लहान लिपीत लिहिली. ए आणि आय लाल शाईने, बाकी चार काळ्या. आजींनी डोळे झाकून एक काळा, एक लाल, एक काळा असे तीन तुकडे ओळीने मांडायचे. नातीने आवाज जुळवून शब्द म्हणायचा. असे २४ शब्द होतात. काहींना अर्थ आहे, ‘टिस’ आणि ‘नॅस’ यांना नाही. इंग्लंडच्या त्या परीक्षेत निरर्थक शब्दांचे जे काम, तेच येथे आपोआप होते. आणि तपासणी? आजींनी तुकडे मोडून दुसरे शब्द मांडायचे, आणि दहा मिनिटांनी पहिलीच ओळ पुन्हा लावायची. तुकड्यांचा आकार त्यांच्या ध्यानात राहतो. विडीच्या पानाची शीर पाहून पान ओळखणाऱ्या बाईला हे अवघड नाही. नात पहिल्या खेपेस म्हणाली तेच पुन्हा म्हणाली तर ती वाचते आहे. निराळे म्हणाली तर ठोकून देते आहे. खोटे सांगणाऱ्याला आपले खोटे दहा मिनिटांनी आठवत नाही, हे आजींना कोर्टाच्या तारखांमुळे पक्के ठाऊक होते. मधूनमधून शाळेत जाणारा कोणी मोठा मुलगा उच्चार तपासून देई, तेवढे मात्र लागते. नाहीतर एखादा आवाज सातत्याने चुकीचा पक्का व्हायचा.

कोडाचा नियम आम्ही फार बांधला नाही. आठ-दहा ओळी नीट जुळल्या की एक कार्ड. चुकले तर छाट नाही, पुन्हा मांडायचे. कधी आजींनी न सांगता, न मागता एखादे कार्ड काढून द्यावे, म्हणजे अवचित. आणि कोड टाकायचा तो तिने स्वतः, आजींच्या डोळ्यांदेखत. शाळेतल्या बाईंनाही मी भेटलो. पाठ संपल्याबद्दल कार्ड देण्याऐवजी मुलाने एक नवा शब्द वाचून दाखवल्यावर द्यावे, एवढेच सुचवले. त्यांच्या वर्गात मुले पुष्कळ. रोज प्रत्येकाचे ऐकणे त्यांना शक्य नव्हते, हेही त्यांनी सांगितले आणि ते खरे होते. आठवड्यातून एकदा ऐकतो म्हणाल्या.

दोन सावधगिरीच्या गोष्टी घाईने सांगतो. बँकेचा संदेश आला की आपण घरातल्या म्हाताऱ्यांना बजावतो : फोनवर आलेला कोड कोणाला सांगू नका. आणि तीच नातवंडे म्हणतात : आजी, कोड टाक. या दोहोंत गोंधळ होतो, आणि तो ठगांना माहीत आहे. ‘फुकट कोड मिळवा’ म्हणून एखादे पान नंबर विचारते आणि मग फोनवर आलेला ओटीपी मागते. बक्षिसाचा कोड कार्डावर किंवा शाळेकडून येतो आणि ॲपच्या आतच टाकला जातो. ओटीपी आपल्या फोनवर येतो आणि तो देताच पैसे जातात. हा भेद आजींना नीट समजावून ठेवा. दुसरे, काही कोड हे बक्षीस नसून दुकानदाराचा नमुना असतात. आठवडाभर सगळे खुले, मग वर्गणी. आणि आरंभी ऑटोपेला होकार देऊन बसलात तर ती खात्यातून परस्पर कापली जाते. तो होकार कधी दिला ते यूपीआयमध्ये पाहता येते आणि तेथेच काढताही येतो. मुलांच्या माहितीसाठी आपल्याकडे २०२३ चा कायदा झाला आहे. त्याने पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास मनाई केली. तरी खाते उघडताना मुलाचे पूर्ण नाव, शाळा, जन्मतारीख भरण्याची गरज नसते. टोपणनाव पुरते.

त्या मुलीचे पुढे काय, असे आपण विचाराल. दोन महिन्यांनी गेलो तेव्हा ती तीन अक्षरांचे शब्द न अडखळता जुळवत होती. दोन अक्षरे मिळून एक आवाज होतो तेथे, म्हणजे ‘शिप’, ‘चिन’ अशा शब्दांत, अजून ठेचकाळते. टोप्या मोजणे तिने सोडलेले नाही. एकावन्न झाल्या आहेत. डब्यात चार तुकडे वाढले : एम, डी, जी, ओ. ओ लाल. सात काळे आणि तीन लाल झाल्याने आता १२६ शब्द मांडता येतात, आणि त्यांतल्या कोणत्या शब्दांना खरोखर अर्थ आहे ते पोरगी मला विचारते. सगळे मला येत नाहीत. पुढच्या खेपेस शब्दकोश घेऊन येतो असे सांगून आलो आहे.